लसीचा हिशेब ठेवतात, मग वर्षानुवर्षांच्या दुखण्याचा का नाही? (ठाणे-नवी मुंबई)

उपवन

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर चार महिन्यांचं बाळ आहे. त्याची चौदा आठवड्यांची लस राहिली, तर आशाताई दारात हजर. आरोग्य केंद्रातून सिस्टरचा फोनही आला. त्याच सोसायटीत माझी आई राहते. तिला नागीण झाली होती. पुरळ गेलं, पण बरगडीखालची आग काही गेली नाही. साडीचा काठ घासला तरी कळ येते, म्हणून ती पदर एका हाताने अंगापासून लांब धरून घरात वावरते. तिला त्याच आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरबाई नीट बोलल्या, वेदनाशामक गोळ्यांची पट्टी दिली आणि केसपेपरवर लिहिलं, 'बाहेर दाखवा.' पुढे तिचं काय झालं हे विचारायला कोणी आलं नाही.

माझा राग त्या डॉक्टरांवर नाही. त्यांच्या दाराबाहेर पन्नास माणसं उभी होती. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. लस चुकली तर त्याबद्दल वर कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं. आईचं दुखणं चुकलं तर कोणीच उत्तर देणार नाही, कारण ते कुठे लिहिलेलंच नाही. महापालिकेला विचारायचं, सिव्हिलला, की थेट मंत्रालयाला?

नागिणीवरही लस आहे. पन्नाशीनंतर दोन डोस घेतात. पण ती खासगीत, आणि महाग. सरकारी कार्यक्रमात ती नाही. म्हणजे आधी टाळायची सोय नाही आणि झाल्यावर बघायचीही नाही.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या लोकांनी आपापल्या भागात काय चालतं ते लिहावं. मला हे नुसतं बोलून सोडायचं नाहीये.

ओवळा_नाका

तुमच्या आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. पण लसीचा हिशेब नीट आहे असं म्हणताय, तिथे मला थांबवावंसं वाटतं. तुमची सोसायटी पक्की आहे, नोंदणी झालेली आहे, तिथे आशाताईला दार सापडतं. घोडबंदर रोडच्या बांधकामांवर पत्र्याच्या खोल्यांत जी कुटुंबं राहतात त्यांची मुलं कोणाच्या यादीत आहेत? काम संपलं की ते कासारवडवलीहून भाईंदरपाड्याला जातात, तिथून कल्याणला. कार्ड एका महापालिकेचं आणि पोर दुसऱ्या.

शिवाय सगळं नियोजन २०११ च्या जनगणनेवर. तेव्हा ठाणे महापालिकेची लोकसंख्या साधारण १८.४ लाख होती, नवी मुंबईची ११.२ लाख. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाचा निकष पन्नास हजार माणसांमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र असा आहे. त्या जुन्या आकड्यानेही ठाण्याला सुमारे ३७ आणि नवी मुंबईला २२ केंद्रं लागतात. त्यानंतर घोडबंदरला किती मनोरे उभे राहिले ते इथे सगळे रोज बघतात. २०२१ ची जनगणना झालीच नाही. मग एखाद्या केंद्राने उद्दिष्ट पूर्ण झालं असं कळवलं, तर ते कुठल्या लोकसंख्येचं?

आमच्याकडे एका बाईला बीसीजीसाठी, म्हणजे बाळाच्या क्षयरोगावरच्या लसीसाठी, परत पाठवलं. कारण दिलं, 'आज मुलं कमी आहेत, बाटली फोडता येणार नाही, पुढच्या सत्राला या.' तिचा दिवसाचा रोज बुडाला होता. ती पुढच्या सत्राला आली नाही.

साधी_सिस्टर

मी महापालिकेच्या सेवेत एएनएम, म्हणजे लसी टोचणारी सहाय्यक परिचारिका, होते, आता निवृत्त. ओवळा_नाका यांनी लिहिलंय ते होतं, आणि ते चूक आहे.

बीसीजीची बाटली दहा डोसांची असते. पावडर पातळ केली की चार तासांत वापरायची, उरलेलं टाकून द्यायचं. गोवर-रुबेलाचंही तसंच, चार तास. पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस), पोलिओ यांची उघडलेली बाटली मात्र नीट थंड ठेवली तर अठ्ठावीस दिवस चालते. सिस्टरला वरून सतत विचारतात, 'वाया किती गेलं?' म्हणून ती बीसीजी आणि गोवराची बाटली एका मुलासाठी फोडायला कचरते. पण सूचना स्पष्ट आहेत. एक मूल आलं तरी बाटली फोडायची. औषध वाया गेलेलं चालेल, पोर परत गेलेलं चालणार नाही. कोणी परत पाठवलं तर शांतपणे सांगा, 'एका मुलासाठीही बाटली उघडायची सूचना आहे, नाही म्हणत असाल तर कार्डावर तसं लिहून द्या.' असं लिहून द्यायला सहसा कोणी धजत नाही, बाटलीच उघडतात.

अजून एक. लस टोचण्याआधी बाटली बघायला मागा. लेबलवर किंवा झाकणावर जांभळट गोल असतो, त्याच्या आत फिका चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला, तर बाटलीला उष्णता लागली आहे, वापरायची नाही. दाखवा म्हटल्यावर चांगली सिस्टर रागावत नाही, मी तर आईला बोलावून दाखवायचे. मे महिन्यात शीतपेटीतल्या बर्फाच्या पॅकवर हात ठेवून आम्ही दुपार काढलेली आहे. दोन ते आठ अंश हा आकडा माझ्या स्वप्नात यायचा.

आता उपवनताईंच्या मूळ मुद्द्याबद्दल. दर महिन्याला आम्ही जो अहवाल भरायचो त्यात रकानाच रकाना. किती गरोदर, किती बाळं, कोणता डोस, किती वजन, पुढे मधुमेह आणि रक्तदाबही आले. महिन्याच्या बैठकीत साहेब त्या रकान्यांवर बोट ठेवून विचारायचे. गुडघे धरून, कंबर धरून येणाऱ्या बायकांना रकाना नव्हता. ओपीडीच्या एकूण आकड्यात त्या मिळून जायच्या. ज्याचा रकाना नाही त्याची चौकशी होत नाही, आणि ज्याची चौकशी होत नाही त्याची औषधंही मागवली जात नाहीत. इतकी वर्षं मी हे आतून बघितलंय.

नेरुळकर

साधी_सिस्टर, शेवटचा परिच्छेद वाचताना डोळ्यांत पाणी आलं.

माझ्या नवऱ्याला चेहऱ्याच्या नसेचं दुखणं आहे, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. वारा लागला, घास चावला, दाढीचा ब्रश फिरला तरी गालातून वीज गेल्यासारखं होतं. आधी दातांचं समजून दोन चांगले दात काढले. निदान झालं ते मुंबईत एका मोठ्या सरकारी रुग्णालयात. नेरुळहून हार्बरने सकाळी साडेसहाची गाडी, दरवाज्यातला वारा लागू नये म्हणून तोंडाला मफलर. कार्बामॅझेपिन सुरू झाल्यावर माणूस पहिल्यांदा पोटभर जेवला. हे औषध अगदी स्वस्त आहे. पण इथल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात ते कधी असतं, बहुतेक वेळा नसतं, आणि 'बाहेरून घ्या'ची चिठ्ठी मिळते. त्यावर रक्ताची तपासणीही अधूनमधून करावी लागते, ती आठवण करून देणारं कोणी नाही.

मधुमेहाच्या गोळ्यांसाठी शेजारच्या काकांना दर महिन्याला त्याच ठिकाणी नोंदवहीत सही करून औषध मिळतं. म्हणजे यंत्रणेला हे जमत नाही असं नाही.

पारसिक

विरोधी मत मांडतो, कृपया समजून घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. राज्यभर बातमी झाली, चौकशी समिती नेमली गेली. त्या रुग्णालयावर कळवा, मुंब्रा, दिवा तर आहेच, शिवाय शहापूर-मुरबाडकडून रुग्ण येतात. त्याच सुमारास सिव्हिलची जुनी इमारत नव्या बांधकामासाठी रिकामी होऊन कारभार दुसरीकडे हलला होता. जिथे अतिदक्षता विभागातल्या खाटा पुरत नाहीत तिथे आपण वेदना क्लिनिक मागायचं? प्राधान्य म्हणून काही असतं की नाही?

लसीकरण मात्र कुठल्याही परिस्थितीत ढिलं पडता कामा नये. २०२२ च्या अखेरीला गोवंडीतून सुरू झालेली गोवराची साथ भिवंडीपर्यंत आली, मुलं गेली. ते विसरू नये.

उपवन

पारसिक, समजून घेतलं. पण मला प्राधान्याचा हा वाद पटत नाही. मी इमारत मागत नाहीये, यंत्र मागत नाहीये. वर नेरुळकरांनी सांगितलेली गोळी काही रुपयांची आहे. आरोग्य केंद्रातच ती मिळाली, तिथेच तपासणीची तारीख लिहून दिली, तर तेवढी माणसं मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीच्या रांगेतून कमी होतात. कळव्याचा भार हलका करायचा रस्ता खालूनच जातो.

आणि दुखणं जिवावरचं नाही असं धरून चालू नका. माझी आई आता रात्री झोपत नाही, जेवण कमी झालंय, देवळात जाणं बंद झालंय. बोलता बोलता 'आता नको' म्हणते. मी मुलगी म्हणून हे ऐकते, तेव्हा माझ्यासाठी याहून मोठं प्राधान्य नसतं.

वेदनाओपीडी

मी भूलतज्ज्ञ आहे आणि दुखण्याच्या रुग्णांवर उपचार करतो. कुठे काम करतो ते इथे लिहीत नाही.

तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेलं किंवा पुन्हा पुन्हा येणारं दुखणं म्हणजे दीर्घकालीन वेदना. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं, त्याला स्वतंत्र सांकेतांक आहेत. म्हणजे नोंद ठेवायची पद्धत तयार आहे, ती वापरायची इच्छा हवी.

उपवन, आईंना जी पट्टी मिळाली ती डायक्लोफिनॅकसारखी असेल तर नसेच्या आगीवर तिचा फारसा उपयोग होत नाही, आणि या वयात रोज घेतली तर मूत्रपिंड आणि जठर दोन्हींना धोका. नसेच्या दुखण्याला अमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन, प्रेगाबालिन या गटातली औषधं वापरतात. वय, हृदय, मूत्रपिंड बघून, अगदी कमी डोसपासून चढवत नेतात. कृपया धाग्यावर वाचून सुरू करू नका, पण डॉक्टरांना या गटाबद्दल जरूर विचारा. हे बघायला प्रत्येक वेळी न्यूरोलॉजिस्ट लागत नाही. थोडं प्रशिक्षण मिळालेला एमबीबीएस डॉक्टर हे नीट करू शकतो.

सरकारने हे आधीच कबूल केलेलं आहे, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत नसेल. आयुष्मान आरोग्य मंदिरांमध्ये, म्हणजे सरकारच्या प्राथमिक पातळीवरच्या केंद्रांमध्ये, ज्या बारा सेवा द्यायच्या ठरल्या आहेत, त्यांत वृद्धांची आणि परिहार सेवा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारातल्या रुग्णाच्या वेदना आणि त्रास कमी करणारी सेवा), आहे. राष्ट्रीय परिहार सेवा कार्यक्रम २०१२ चा. महाराष्ट्राचं स्वतःचं परिहार सेवा धोरणही २०१२ चं, केरळनंतर देशात दुसरं. कागद सगळे आहेत.

कर्करोगाच्या वेदनेबद्दल वेगळं सांगतो, कारण तिथे हाल सर्वांत जास्त होतात. मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाची गोळी अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे पूर्वी रुग्णालयांना अनेक परवाने लागायचे, म्हणून कोणी ती ठेवतच नसे. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनसह सहा औषधं अत्यावश्यक ठरली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून एकच मान्यता पुरेशी झाली. तरीही आज ठाणे-नवी मुंबईतल्या माणसाला शेवटच्या दिवसांत या गोळीसाठी परळ किंवा खारघरच्या टाटा कर्करोग केंद्राकडे बघावं लागतं. टाटावाले आपलं काम करतात. पण दिव्यातल्या माणसाने अंथरुणावरून उठून परळला का जावं? आमच्या महापालिकेच्या कोणत्या रुग्णालयाकडे ही मान्यता आहे, हा प्रश्न सरळ विचारा. उत्तर हो किंवा नाही एवढंच असू शकतं.

नेरुळकर

डॉक्टर, मनापासून आभार. रक्ततपासणीबद्दल तुम्हाला व्यक्तिगत संदेश पाठवलाय.

केसपेपर

कोणाला विचारायचं, या उपवन यांच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. इथेच लोक दमतात.

ठाण्याचं सिव्हिल रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं. कळव्याचं महापालिकेचं. वाशी, नेरुळ, ऐरोलीची सार्वजनिक रुग्णालयं नवी मुंबई महापालिकेची. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याने उपचार, तपासण्या, केसपेपर मोफत केले ते फक्त आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत. महापालिकेची रुग्णालयं त्यात आपोआप येत नाहीत. लस केंद्राची, पोचवणारं राज्य, टोचणारी महापालिका. नागरी आरोग्य अभियानाचे कर्मचारी कंत्राटी, त्यांचा पैसा केंद्र आणि राज्य मिळून देतात. त्यामुळे ज्याला विचाराल तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

पण महापालिकेला यातून सुटता येत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९, कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं दिली आहेत, त्यांत सार्वजनिक लसीकरण आहे, दवाखाने आणि रुग्णालयंही आहेत. हे ऐच्छिक नाही. शिवाय इतकी वर्षं विचारणारं कोणी सभागृहात नव्हतं. नवी मुंबईत २०२० पासून आणि ठाण्यात २०२२ पासून प्रशासकच होते. जानेवारी २०२६ च्या निवडणुकांनी नगरसेवक परत आले. आता त्यांच्याकडे गटार-पाण्याच्या तक्रारींसोबत हेही न्या. औषध खरेदीचा प्रस्ताव आला की तुमच्या नगरसेवकाला यादी मागायला सांगा आणि त्यात अमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन, कार्बामॅझेपिन आहे का एवढं बघायला सांगा.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत दीर्घकालीन वेदना हा स्वतंत्र प्रकार नाही. त्या वाटेने दाखला मिळवायला गेलात तर बहुतेक वेळा निराश होऊन परत याल.

खाडीपल्याड

माहिती अधिकाराचा अर्ज लिहिणार असाल तर माझा अनुभव घ्या. मी आमच्या महापालिकेकडे 'दीर्घकालीन वेदनेच्या रुग्णांची संख्या द्या' असं मागितलं होतं. उत्तर आलं, 'सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.' कायद्याने ते बरोबर आहे, नसलेली माहिती ते तयार करून देत नाहीत. पण हेच उत्तर जपून ठेवण्यासारखं आहे. महापालिका सही-शिक्क्यानिशी सांगते की आम्ही ही माणसं मोजतच नाही. माझं पत्र मी इथल्या नगरसेवकाच्या हातात दिलं, तेव्हा तो पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकला.

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द. म्हणून लस आणि वेदना एकत्र लिहू नका, दोन वेगळे अर्ज करा. 'का' आणि 'कधी करणार' असं विचारू नका, कागद मागा. साठा नोंदवही, मागणीपत्रं, मंजूर आणि भरलेली पदं. कागद खूप असतील तर प्रत्यक्ष पाहणी मागा, कायद्यात ती सोय आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. तीस दिवसांत उत्तर नाही तर तीस दिवसांच्या आत पहिलं अपील, तेही पंचेचाळीस दिवस तसंच पडलं तर नव्वद दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे. तिथे वेळ लागतो. तरीही पहिल्या अपिलाच्या सुनावणीलाच पुष्कळदा कागद बाहेर येतात, कारण वरचा अधिकारी समोर बसलेला असतो.

ओवळा_नाका

लसीच्या अर्जात बांधकामांवरची मुलं विसरू नका. कोणत्या बांधकामांवर, दगडखाणींच्या वस्त्यांवर फिरती सत्रं कोणत्या तारखांना झाली, तो तक्ता मागा. तसा आराखडा प्रत्येक केंद्राला करावाच लागतो. कोऱ्या जागा असतील तर दिसतील.

पारसिक

वरचं सगळं वाचलं. प्राधान्याबद्दलची माझी काळजी तशीच आहे, पण औषधांच्या यादीची मागणी रास्त आहे हे मान्य. कळवा प्रभागाचा अर्ज मी टाकतो.

उपवन

सगळ्यांचं घेऊन दोन मसुदे केले आहेत. सुधारा.

पहिला, लसीकरण: 'आपल्या कार्यक्षेत्रातील नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रांची यादी, प्रत्येक केंद्रातील एएनएमची मंजूर व भरलेली पदे, मागील बारा महिन्यांतील नियमित व फिरत्या लसीकरण सत्रांचा सूक्ष्म आराखडा आणि प्रत्यक्ष झालेल्या सत्रांच्या तारखा, तसेच बीसीजी व गोवर-रुबेला लसीची बाटली उघडण्याबाबत केंद्रांना दिलेल्या लेखी सूचनांच्या प्रती मिळाव्यात.'

दुसरा, वेदना: 'आपल्या रुग्णालयांत व केंद्रांत अमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन, प्रेगाबालिन, कार्बामॅझेपिन व मॉर्फिन या औषधांची मागील बारा महिन्यांतील साठा नोंदवही, परिहार सेवेचे प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टर व परिचारिकांची पदनिहाय संख्या, आणि अमली पदार्थ कायद्याखाली मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून मिळालेल्या मान्यतेची प्रत मिळावी.'

साधी_सिस्टर

पहिल्यात 'आशा स्वयंसेविकांची मंजूर व कार्यरत संख्या' घाला, त्यांच्याशिवाय फिरती सत्रं होत नाहीत. आणि दुसऱ्यात फिजिओथेरपिस्ट घाला. मानेच्या, कंबरेच्या, गुडघ्याच्या बायकांना अर्ध्याहून जास्त आराम तिथून मिळतो. हे पद किती केंद्रांत आहे ते मलाही बघायचंय.

वेदनाओपीडी

मॉर्फिनपुढे 'तोंडाने घ्यायची गोळी' असं स्पष्ट लिहा. शस्त्रक्रियेसाठी इंजेक्शन ठेवलेलं असतं, त्यावरून 'उपलब्ध आहे' असं उत्तर येऊ शकतं.

उपवन

तिन्ही दुरुस्त्या घातल्या. मी माजिवडा-मानपाडा आणि वर्तकनगर घेते. कळवा पारसिक. नेरुळ आणि बेलापूर नेरुळकर, वाशी-कोपरखैरणे खाडीपल्याड. मुंब्रा, दिवा, तुर्भे आणि दिघा अजून मोकळे आहेत. तिथे राहणारं, निदान अर्जावर खरा पत्ता देऊ शकणारं कोणी असेल तर इथेच कळवा. सगळ्यांनी येत्या सोमवारी अर्ज टाकायचे आणि आवक क्रमांकाचा फोटो, स्वतःचं नाव झाकून, या धाग्यावर लावायचा.